वक्फचे फळ किती वाटावे?

वक्फ म्हणजे मूळ रोखून धरणे आणि फळ वाटणे. हजरत उमर (रजि.) यांना खैबर येथे जमीन मिळाली तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) हाच मार्ग दाखविला. जमीन विकायची नाही, वारशानेही जाणार नाही. उत्पन्न मात्र गरीब, नातलग, मुसाफिर यांचे. देखरेख करणाऱ्याला त्यातून रीतीपुरते खाण्याची मुभा होती. किती वाटायचे याचा आकडा मात्र सांगितलेला नाही. तो आपल्या विवेकावर सोपविला आहे.

कायद्यात आकडे आहेत. १९९५ च्या वक्फ कायद्याने बोर्डाचा वाटा निव्वळ उत्पन्नाच्या ७ टक्क्यांपर्यंत ठेवला होता; २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा ५ टक्क्यांवर आली. आयकराची सवलत हवी असलेल्या न्यासाने ८५ टक्के उत्पन्न उद्देशांवर खर्च करावे, असाही नियम आहे. पण नवे मिनारही उद्देशात बसतात. वजीफ्याची वाट पाहणाऱ्या मुलीचा वाटा किती, हे कोणताच कायदा सांगत नाही. ते मुतवल्ली ठरवतो.

आणि त्याच्याही आधी ते भाडे ठरवते. सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की देशातील वक्फ मालमत्तेवर वर्षाला जेमतेम २.७ टक्के उत्पन्न मिळते. नीट वापर झाल्यास १० टक्के मिळू शकेल. २० लाखांच्या दुकानाचे हे ५४ हजार आणि २ लाख. मधले १ लाख ४६ हजार कुणी चोरले असे नाही; जुन्या भाडेकरूकडे ते राहून गेले. तो भाडेकरू पुष्कळदा आपल्याच जमातीतला असतो, म्हणून कुणी बोलत नाही.

आमच्या गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादकाला हा प्रश्न नवा नाही. मालगुजारी तलावाचे पाणी सगळे सोडले तर पुढचा हंगाम बुडतो. सगळे अडवले तर समोरचे धान वाळते. आणि गाळ काढलाच नाही तर वाटायला पाणीच उरत नाही.

म्हणून आम्हांला वाटते, क्रम असा असावा: आधी भाडे वाजवी करावे, मग दुरुस्तीपुरते बाजूला काढावे, उरलेले त्याच वर्षी वाटावे. शिल्लक ठेवायचीच असेल तर कशासाठी आणि कधीपर्यंत, हे जमातीसमोर वाचून दाखवावे. उद्याच्या यतीमाचा हक्क खराच आहे. पण त्याचे नाव पुढे करून आजच्या यतीमाला परत पाठवणे वाकिफच्या नियतीला धरून नाही.