मेल्यावरच माणूस?

वॉल्टर टल 1888 साली इंग्लंडातल्या फोकस्टोनला जन्मला. बाप बार्बाडोसचा सुतार, गुलामाचं पोर. आई केंटची गोरी. सातव्या वर्षी आई गेली, नवव्या वर्षी बाप. पोरगा लंडनच्या अनाथाश्रमात वाढला, फुटबॉलवर पोट भरू लागला. टॉटनहॅमसारख्या बड्या क्लबनं त्याला घेतलं. 1909 ला ब्रिस्टलच्या मैदानावर पब्लिकनं त्याच्या कातडीवरून घाण शिव्या घातल्या. तो खेळत राहिला. पुढं त्यालाच राखीव संघात ढकललं. 1911 ला तो नॉर्दॅम्प्टनला गेला. तिथं शंभरावर सामने खेळला.

1914 ला महायुद्ध पेटलं. टल फुटबॉलवाल्यांच्या बटालियनमध्ये भरती झाला, सोमला लढला. अधिकारी व्हायला शुद्ध युरोपीय वंश पाहिजे, असा लष्कराचा नियम. पण अधिकारी पटापट मरत होते. मे 1917 मध्ये गुलामाचा नातू सेकंड लेफ्टनंट झाला! इटलीत त्यानं गोऱ्या शिपायांना घेऊन पियावे नदी ओलांडली, सगळ्यांना जिवंत परत आणलं. 25 मार्च 1918 ला फ्रान्समध्ये तो पडला. शिपायांनी प्रेत आणायची धडपड केली, जमलं नाही. अरासच्या स्मारकावर आता नुसतं नाव आहे.

मित्रांनो, लोक म्हणतात, टलनं स्वतःला सिद्ध केलं. कुणापुढं? का? शिव्या देणाऱ्या गोऱ्याला माणूस म्हणून जगायला कुठला दाखला लागला होता?

रक्त सांडलं की हक्क मिळतो, हा भ्रम आहे. 1919 ला लिव्हरपूल, कार्डिफच्या रस्त्यांवर गोऱ्या जमावानं काळ्यांना झोडपलं. त्यात युद्धावरून परतलेलेही होते. आपल्याकडंही तेच. 1917 ला गरज पडली तेव्हा महार बटालियन उभी केली, 1921 ला मोडली. गरज सरो, वैद्य मरो.

मग टलचं जगणं फुकट गेलं काय? नाही. त्याचं मोठेपण त्याच्या मरणात शोधू नका. त्यानं हुकूम दिला आणि गोऱ्यांनी तो पाळला, त्यात शोधा. कागदावरचा नियम तिथं खोटा पडला. पण एकट्यानं खोटा पाडलेला नियम गरज संपली की पुन्हा उभा राहतो. तो कायमचा गाडायला संघटना लागते.

नॉर्दॅम्प्टनला 1999 मध्ये त्याचं स्मारक झालं. चांगलं झालं. पण मेलेल्याला हार आणि जित्याला शिवी, हा हिशेब आपण मान्य करायचा नाही. माणूसपण कमवायचं नसतं. ते जन्मानंच आपलं असतं. ज्यानं दाबून ठेवलंय, त्याच्याकडून ते जितेपणीच हिसकून घ्यायचं.