पाणी उतरतं तेव्हा



पावसाळा सरला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात पाण्याविषयी एकच प्रश्न विचारला जातो. किती टक्के? तेरणा किती टक्के, माकणी किती टक्के, मांजरा किती टक्के. पेपरात आकडे छापून येतात आणि संध्याकाळी पारावर ते तोंडपाठ म्हणून दाखवले जातात. यात हसण्यासारखं काही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. धाराशिव शहराला तर थेट उजनीहून जलवाहिनी टाकून पाणी आणावं लागलं. हे सगळं ज्यांनी बघितलंय, ते दुसरं काय विचारणार?

पण याच तळ्यांवर हिवाळ्यात एक पाहुणा येतो, त्याचा हिशेब वेगळा असतो. त्याचं नाव शेकाट्या. अंग पांढरंशुभ्र, पंख काळे, चोच सुईसारखी, आणि पाय गुलाबी, इतके लांब की हा काठ्यांवर चालतोय की काय असं वाटावं. शरीराच्या मानानं एवढे लांब पाय रोहित पक्षी सोडला तर जगात कुणाचे नाहीत म्हणतात. तरीही त्याला पाणी लागतं ते घोट्या-गुडघ्याइतकंच. शंभर टक्के भरलेला तलाव त्याच्या काहीच कामाचा नसतो, कारण तेव्हा पाणी भरावाच्या दगडांना टेकलेलं असतं आणि मधे काठ म्हणून काही उरत नाही. मग ज्वारीला, हरभऱ्याला पाणी सुटतं, मोटारी चालू होतात, तळं हात-दोन हात उतरतं आणि काळ्या मातीचा चिखल उघडा पडतो. तिथं पाखरांची पंगत बसते. आपण ज्या दिवसापासून काळजी करायला लागतो, त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुरू होतं.

आज बोलायचंय ते या उतरलेल्या पाण्याच्या कडेनं चालायला जाण्याविषयी. तेही एसटीनं.

आपल्या जिल्ह्यात निसर्गानं दिलेलं, नाव घ्यावं असं सरोवर नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा, पर्जन्यछायेचा मुलूख, आणि पावसाळ्यापुरत्या धावणाऱ्या नद्या. जी काही पाणथळ आहे, ती बहुतेक माणसानं अडवलेल्या पाण्याची. त्यातले कितीतरी पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळाच्या आणि त्यानंतरच्या रोजगार हमीच्या कामांतले. तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या घरातलं असेल तर विचारून बघा. खडी फोडल्याच्या, मातीची घमेली वाहिल्याच्या, सुकडी खाल्ल्याच्या गोष्टी अजून निघतील. तो भराव घालणाऱ्या बायाबापड्यांच्या डोक्यात पाखरं कुठून असणार, त्यांना संध्याकाळच्या भाकरीची चिंता होती. आज त्याच भरावामागच्या पाण्यावर लडाख-तिबेटाकडून चक्रवाकाच्या जोड्या येऊन उतरतात.

इथं एक गंमत सांगण्यासारखी आहे. केंद्र सरकारचे पाणथळ जागांच्या रक्षणाचे २०१७ चे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. म्हणजे या नियमांच्या चष्म्यातून पाहिलं तर आपल्या जिल्ह्यात पाणथळ जवळपास दिसणारच नाही. उलट २ फेब्रुवारी १९७१ ला इराणमधल्या रामसर गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमची आणि हंगामी, सगळीच पाणथळ धरली आहे. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेलं नांदूर मध्यमेश्वर, तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागं साचलेल्या पाण्या-गाळाचंच आहे. तेव्हा आपलं तळं सरकारी आहे, पाटबंधारे खात्याचं आहे, म्हणून त्याला कमी लेखायचं कारण नाही.

आता जायचं कुठं? मला विचाराल तर आधी तेर.

धाराशिवहून तेरला एसटी जाते, अंतर सुमारे २० किलोमीटर. लोक जातात ते संत गोरोबाकाकांच्या, म्हणजे गोरा कुंभारांच्या दर्शनाला आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयाला. दोन्ही पाहावंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-ग्रंथात या गावाचा उल्लेख तगर म्हणून आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, आणि इथलं कापड गाड्यांनी भडोच बंदराकडं जातं, असं त्यात लिहिलंय. एसटीत जागा मिळाली नाही म्हणून कुरकुर करताना ते दहा दिवस आठवायला हरकत नाही. पण दर्शन झालं की बहुतेक लोक परतीची गाडी धरतात, तेरणेकडं पाठ फिरवून. तेर गावाजवळच तेरणेवर धरण आहे. गावात कुणालाही विचारलं तरी वाट दाखवतील.

तिथल्या काठावर गेलात की आधी पाण्याकडं बघू नका, पायाशी बघा. ओल्या काळ्या मातीवर रात्रीची सगळी वर्दळ उमटलेली असते. म्हशीच्या खुराचा खोल ठसा, त्यात साचलेलं वाटीभर पाणी आणि त्या पाण्यात वळवळणारे डासांचे बारके किडे. शेजारी तीन बोटांचे नाजूक ठसे, ते शेकाट्याचे किंवा त्याच्या भाऊबंदांचे. बोटांमधे पडदा उमटलेला दिसला तर बदक. मधेच चिखलात ओळीनं बारीक भोकं पडलेली दिसतात, जणू कुणी दाभणानं टोचत गेलंय. ती चोचींची. चिखलातल्या अळ्या, किडे, शंखातले जीव शोधत कुणीतरी तिथून गेलेलं असतं. एवढ्यात समोर एक करडा पक्षी शेपूट सारखी खाली-वर करत दगडावरून दगडावर जाताना दिसेल. तो तुतवार. हिमालयाकडून, मध्य आशियाकडून तो एवढ्यासाठी येतो. आणि लांब मधल्या पाण्यावर काळ्या पक्ष्यांचा थवा दिसला, कपाळावर पांढरा टिळा असलेला, तर त्यांना मराठीत वारकरी म्हणतात. गोरोबांच्या गावाला ते शोभूनही दिसतात.

चिखल तुडवता तुडवता देहभान विसरलेल्या गोरोबांची कथा आपल्याला ठाऊक आहे. कीर्तनात ती ऐकताना आपलं सगळं लक्ष पायाखाली आलेल्या त्या तान्ह्या लेकराकडं असतं, आणि ते साहजिकच आहे. पण कुंभाराची माती कुठली, हेही एकदा मनात यावं. पाण्यानं वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या त्या गाळावर मडकंही घडतं, उतरलेल्या पाण्यामागं शेतकऱ्याची गाळपेर होते आणि शेकाट्याचं पोट भरतं. टक्केवारीच्या तक्त्यात या गाळाची नोंद फक्त तोट्याच्या बाजूला असते, धरणाची साठवण घटवणारा म्हणून. तो तोटा खराच आहे, गाळ काढायलाच हवा. फक्त काठ सगळाच खरवडून सरळसोट केला की पाखराला उभं राहायला जागा राहत नाही, एवढं काढणाऱ्याच्या ध्यानात असावं.

दुसरं ठिकाण नळदुर्ग. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, त्यामुळं गाड्यांना तोटा नाही. तुळजापूरहूनही एसटी मिळते. १९०४ पर्यंत जिल्ह्याचं मुख्य ठाणं हेच होतं. इथल्या किल्ल्यात बोरी नदीच आत घेतलेली आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, नळदुर्ग आणि समोरचं रणमंडळ यांच्यामधे दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. डोक्यावरून नदी कोसळत असताना आत माणूस कोरडा बसतो. चांगला पाऊस झाला आणि वरचं धरण भरून वाहू लागलं की नर आणि मादी हे दोन धबधबे सुरू होतात आणि मग किल्ल्यात पाय ठेवायला जागा नसते. सगळे मोबाईल उंच करून उभे.

माझं मत विचाराल तर नळदुर्गला जानेवारीत जावं. धबधबा नसतो, म्हणून गर्दी नसते. बंधाऱ्यामागचं पाणी थोपलेलं, खाली खडकांमधे डबकी राहिलेली. त्या खडकांवरून पांढरा धोबी तुरुतुरु पळतो. कवड्या खंड्या, अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला, पाण्यावर एका जागी हवेत पंख फडफडवत थांबतो, मान खाली, आणि दगड पडावा तसा खाली येतो. बहुतेक वेळा रिकाम्या चोचीनं वर जातो. पुन्हा थांबतो. किल्ल्याच्या तटावर बसून अर्धा तास हे बघण्यासाठी किल्ल्याचं तिकीट काढायला माझी काही हरकत नाही.

बाकीची ठिकाणं नुसती सांगून टाकतो. धाराशिव शहरातल्यांना हातलाईचा तलाव आहेच, तिथं गाडीचाही प्रश्न नाही. परंड्याचा किल्ला गावातच, त्याच्या खंदकाच्या कडेनं चालता येतं. तुळजापूरहून सोलापूरला जाताना हिप्परग्याचा तलाव लागतो, इंग्रजांनी १८७१ मधे पुरा केलेला. हद्दीनं सोलापूरचा, पण खिडकीतून बघायला हद्द लागत नाही.

परंड्याचं नाव घेतलं आणि जरा अडखळायला झालं. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या आणि चांदणीच्या पुरानं त्या भागातल्या लोकांचं काय झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. घरात पाणी शिरलं, जनावरं वाहून गेली, उभी शेतं खरवडून गेली. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू की चला, पाणी बघायला जाऊ? कुणाला इतक्यात नको वाटलं तर तेही बरोबरच आहे.

आणि एक गोष्ट माझ्या मनात बऱ्याच दिवसांपासून आहे, ती माझ्या भगिनींसाठी. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्या सगळ्यांना त्याआधीपासून मोफत. या सवलतीत आपल्या बायका माहेरी जातात, बाजाराला जातात, पौर्णिमेला तुळजापूरला जातात. पाण्याकडं जाणंही त्यांना नवं नाही. ज्यांनी आयुष्यभर डोक्यावर हंडा, कमरेला घागर घेऊन पाण्याची वाट तुडवली, त्यांच्याइतकं पाणी कुणी ओळखलेलं नाही. कुठल्या महिन्यात कुठला आड आटतो हे त्यांना विचारावं. तर अशा चार बायकांनी एका सकाळी मोकळ्या हातांनी तळ्यावर जावं. घरी विचारतील, कुठं निघालात? तळ्यावर. कशाला? बघायला. काय आहे तिथं बघण्यासारखं? याचं उत्तर तयार ठेवायची गरज नाही, संध्याकाळी आल्यावर सांगता येईल.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. सकाळी तळ्याच्या पूर्वेच्या काठाला उभं राहावं, म्हणजे ऊन पाठीशी येतं आणि पाखरांचे रंग नीट दिसतात. समोरून ऊन आलं तर सगळीच काळी. गाळपेर असेल तर पिकात पाय घालू नये, कडेनं जावं, शेतकऱ्याला आधी रामराम घालावा. बऱ्याचदा कुठली बदकं कधीपासून आलीत हे त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं. मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात पाय अडकवू नका. सांडव्यावर, दरवाज्यांपाशी जाऊ नका. चिखल वरून वाळलेला दिसला तरी आत मऊ असतो, आधी काठीनं चाचपून बघा. आणि उतरल्याबरोबर थांब्यावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा, फलकावरची नको, तिथल्या पानपट्टीवाल्याला विचारा. गाडी आली की चपलांचा चिखल खालीच झटकून मग चढा, नाहीतर कंडक्टर बोलतात.