पावित्र्याचे अधिष्ठान

निर्जीव वस्तू पवित्र होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मूर्तिपूजकांपुरताच आहे असा पुष्कळांचा समज असतो. परंतु मूर्तीचा कडक निषेध करणाऱ्या यहुदी धर्मानेही आपल्या धर्मोपकरणांविषयी फार सूक्ष्म विचार केला आहे, व तो आम्हांस मननीय वाटतो.

ताल्मुदात अशा वस्तूंचे दोन वर्ग केले आहेत. नववर्षास फुंकावयाचे मेंढ्याचे शिंग, मंडपांच्या सणात हाती धरावयाची खजुरीची कोवळी झावळी, ही केवळ आज्ञापालनाची साधने होत. कार्य संपल्यावर ती टाकून देण्यास प्रत्यवाय नाही. उलट तोरा ग्रंथाची गुंडाळी, तिचे वेष्टन, किंवा कोकणातील बेने इस्राएल कुटुंबांच्या दारांवर आढळणाऱ्या मेझुझातील लेख, ही कितीही जीर्ण झाली तरी टाकावयाची नसतात. ती जपून ठेवतात अथवा भूमीत पुरतात.

मग पहिल्या वर्गातील वस्तूंस नीतीचे बंधन नाहीच काय? आहे. चोरून आणलेली झावळी कितीही हिरवीगार असली तरी विधीस चालत नाही, असा मिश्नाचा दंडक आहे. तिच्या पानात दोष नसतो. दोष ती मिळविण्याच्या मार्गात असतो.

दुसऱ्या वर्गाची कसोटी याहून कठोर आहे. तोरा चर्मपत्रावर हातानेच लिहावा लागतो. त्यातील ३,०४,८०५ अक्षरांपैकी एक जरी गळले तरी दुरुस्त होईपर्यंत ती पोथी सार्वजनिक वाचनास अपात्र ठरते. ही उणीव निदान डोळ्यांस दिसते. परंतु ईश्वराचे नाव लिहिताना त्या नावाच्या पावित्र्यासाठी लिहीत आहोत असा संकल्प लेखकाने केला नसेल, तर सर्व पोथी व्यर्थ होय. आणि ही उणीव कोणासही दिसावयाची नाही.

एकदा एका लेखकाने रब्बी आमी यांजकडे येऊन सांगितले, की अमक्यास लिहून दिलेल्या पोथीत आपण ईश्वराची नावे त्या संकल्पाने लिहिली नाहीत. पोथी तर खरेदीदाराच्या हाती गेली होती. निर्णय असा झाला, की लेखकाने आपली मजुरी गमावण्यापुरता त्याचा शब्द ग्राह्य. दुसऱ्याची पोथी बाद करण्यापुरता नाही. आणि मजुरीही केवळ नावांपुरती नव्हे, तर सगळीच गेली.

सकृद्दर्शनी हा निर्णय विसंगत वाटेल. शब्द खरा असेल तर पोथी बाद व्हावी, खोटा असेल तर मजुरी का जावी? आमच्या मते यात खोल न्याय आहे. आपल्या शब्दाचा भार ज्याने त्याने स्वतः वाहावा. विश्वासाने घेणाऱ्यावर तो लादू नये. नुसता सद्धेतू पुरत नाही, कारण गळलेले अक्षर तो भरून काढीत नाही. आणि निर्दोष अक्षरेही पुरत नाहीत. पोथीपुढे उभा राहणारा समाज कधी न पाहिलेल्या एका माणसाच्या एकांतातील प्रामाणिकपणावर विसंबलेला असतो. वैद्याची पुडी, न्यायाधीशाचा निवाडा आणि आम्हां शिक्षकांनी दिलेले गुण यांसही हेच लागू नाही काय?