न पोंचलेल्या हांकेचा दोष

मनुष्य सांपडला नाहीं, आणि मनुष्यानें स्वतःला सांपडूं दिलें नाहीं, या दोन गोष्टी बाहेरून पाहणाऱ्यास अगदीं सारख्या दिसतात. दार ठोठावलें, उत्तर आलें नाहीं. एवढेंच काय तें आपल्या पदरांत पडतें. परंतु पहिल्या प्रसंगीं हळहळ वाटते व दुसऱ्या प्रसंगीं राग येतो. आणि हा राग वर्षानुवर्षें टिकून भावाभावांतील बोलणें बंद पाडल्याचीं उदाहरणें प्रत्येकाच्या आप्तवर्गांत असतील. तेव्हां ‘उत्तर आलें नाहीं’ एवढ्याशा पुराव्यावरून दुसऱ्याच्या मनाविषयीं निर्णय देण्याचा अधिकार आपणांस केव्हां पोंचतो, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. मोबाईल टेलिफोनच्या पहिल्या आठदहा वर्षांत हा प्रश्न आपल्या घरांत शिरला, आणि मला वाटतें, त्याचें उत्तर आपण फारसा विचार न करतांच देऊन मोकळे झालों.

एक प्रसंग कल्पूं या. ठाणें जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यांत म्हसा या गांवीं पौषी पौर्णिमेपासून म्हसोबाची मोठी यात्रा भरते. तेथील गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे आणि थंडीच्या दिवसांमुळें घोंगड्या-ब्लँकेटांची विक्रीहि मोठी होते. १९९८ च्या सुमारास कल्याणचा एखादा ब्लँकेटवाला या यात्रेस निघाला आहे असें समजा. पूर्वीं तो निघतांना घरीं सांगे, “अमक्याच्या पालाशेजारीं माझें पाल आहे, कांहीं लागलेंच तर मुरबाडच्या अमक्या दुकानाच्या फोनवर निरोप ठेवा, नाहींतर एस. टी. च्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्या.” या वर्षीं त्याच्या खिशांत नवा मोबाईल आहे. “फोन जवळ आहेच,” एवढें बोलून तो गाडींत बसतो. दुसऱ्या रात्रीं त्याची वृद्ध आई अत्यवस्थ होते. धाकटा भाऊ पुनःपुन्हां फोन लावतो, आणि प्रत्येक वेळीं एक गोड, निर्विकार आवाज त्याला सांगतो कीं, आपण ज्यांच्याशीं संपर्क साधूं इच्छितां ते संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहेत. पहांटे आई जाते. थोरल्याला हें कळतें तें तिसऱ्या दिवशीं, घरीं आल्यावर. धाकट्याच्या मनांत मात्र एकच वाक्य पक्कें बसलेलें असतें: ‘दादानें फोन बंद करून ठेवला होता.’

आतां हें वाक्य खरें कशावरून? येथें यंत्राची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. मुंबईंत मोबाईलची सेवा १९९५ सालीं सुरू झाली. सरकारनें परवाने देतांना देशाचीं सर्कलें पाडलीं, त्यांत मुंबई सर्कल म्हणजे मुंबई, नवी मुंबई व कल्याण या टेलिफोन केंद्रांचा स्थानिक टापू. बाकीचा ठाणें जिल्हा, म्हणजे मुरबाड-शहापूरहि, महाराष्ट्र सर्कलमध्यें. त्यामुळें कल्याणहून मुरबाडकडे निघालेला मनुष्य स्वतःच्याच जिल्ह्यांत राहूनहि परक्या मुलखांत जाई आणि ‘रोमिंग’वर असे. (याच तालुक्यांतून नाणेघाटाची जुनी वाट जुन्नरकडे चढते. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण अद्याप तेथें आहे. जुन्या जकातदारानें निदान मालावर जकात घेतली. या नव्या नाक्यावर बोलण्याप्रमाणें ऐकण्यावरहि ती पडे. २००३ च्या मे महिन्यांत येणारे फोन फुकट झाले ते आपल्या हद्दींतले. हद्दीबाहेर ऐकण्याचे पैसे २०१६-१७ पर्यंत बहुतेकांस मोजावे लागत होते.)

परक्या सर्कलमध्यें मोबाईल चालू झाला म्हणजे तो तेथील मनोऱ्याला आपण आल्याची वर्दी देतो, आणि तेथील कंपनी मूळ कंपनीच्या नोंदवहीस कळविते कीं तुमचा ग्राहक सध्यां आमच्याकडे उतरला आहे. त्याला आलेली हांक प्रथम मूळ कंपनीकडे जाते. ती नोंदवही पाहते, पाहुणचार करणाऱ्या कंपनीकडून एक तात्पुरता क्रमांक मागून घेते व हांक तिकडे धाडते. म्हणून दोन कल्याणकरांनीं यात्रेंत दहा पावलांवर उभे राहून एकमेकांस फोन केला, तर त्यांचा शब्द आधीं मुंबईची वारी करून मग परत येई. पण यापुढचा टप्पा अधिक लक्षांत घेण्याजोगा आहे. ग्राहक नेमका कोठें आहे हें त्या दुसऱ्या कंपनीलाहि ठाऊक नसतें. मनोऱ्यांच्या अमुक एका टापूंत तो आहे, एवढेंच ठाऊक असतें. ती त्या टापूंतील सर्व मनोऱ्यांवरून त्याच्या नांवाचा पुकारा करते आणि कांहीं सेकंद वाट पाहते. यात्रेंत चुकलेल्या पोराचें नांव ध्वनिक्षेपकावरून पुकारतात, तोच हा प्रकार.

आणि पुकारा फुकट जाण्याचीं कारणें किती! फोन नीट बंद केला तर तो जातांना सांगून जातो; पण बॅटरी एकाएकीं निघाली, किंवा मनुष्य डोंगराच्या कुशींत उतरला, तर नोंदवहींत तो कांहीं काळ हजरच राहतो. दोन कंपन्यांत करार नसला, त्यांना जोडणाऱ्या मार्गांवर गर्दी झाली, यात्रेच्या लोटानें एकट्यादुकट्या मनोऱ्याची शक्ति संपली, रोमिंगची सोय वेगळें भाडें भरून मागून घेतलेली नसली, तरी हांक वाटेंतच बुडे. कारणें अशीं अर्धा डझन. ऐकूं येणारीं वाक्यें मात्र दोन-तीन, आणि तीं सगळीं त्या माणसाविषयीं बोलणारीं. ‘आम्हीं पुकारलें, आम्हांस उत्तर मिळालें नाहीं’ असें यंत्रानें म्हटलें असतें तर तें खरें झालें असतें. ‘ते क्षेत्राबाहेर आहेत’ हा त्यावरून काढलेला तर्क आहे, आणि तो तर्क म्हणून नव्हे तर वस्तुस्थिति म्हणून सांगितला जाई. नवी विद्या पहिल्या वर्षांत अडखळणारच. हांक पोंचविण्यांत कमी पडल्याचा दोष मी कंपन्यांस फारसा देणार नाहीं. आपल्याला जें माहीत नाहीं तें ठामपणें सांगण्याचा दोष मात्र त्यांचाच आहे.

आपल्या मीमांसकांनीं या विषयाचा जो ऊहापोह केला आहे तो येथें फार उपयोगीं पडतो. कुमारिल भट्टांच्या परंपरेंत ‘अनुपलब्धि’ हें स्वतंत्र प्रमाण मानलें आहे: जमिनीवर घट दिसत नाहीं, यावरून घटाचा अभाव कळतो. पण त्याला एक अट आहे. ती अनुपलब्धि ‘योग्य’ पाहिजे. म्हणजे घट असता तर तो खात्रीनें दिसलाच असता, अशी परिस्थिति पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून घट नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. धाकट्या भावाची खोली अंधारी होती. थोरला जागा असता, फोन चालू असता, मनांत आईची काळजी असती, तरीहि त्या रात्रीं उत्तर आलेंच असतें अशी खात्री कोणालाहि देतां आली नसती. मग उत्तर न येण्यावरून त्याच्या मनासंबंधीं कांहींच सिद्ध होत नाहीं.

एवढ्यावर थोरला सुटला असें मात्र मला वाटत नाहीं. कांटच्या सिद्धांताप्रमाणें ‘केलें पाहिजे’ यांत ‘करतां येतें’ हें गृहीत असतें. तेव्हां न वाजलेला फोन न घेतल्याबद्दल त्याला दोष देतां येत नाहीं, हें उघड आहे. पण त्याचें खरें कर्तव्य फोन घेण्याचें नव्हतें. सांगून जाण्याचें होतें. तें त्याला करतां येत होतें, दरवर्षीं तो करीतहि होता, आणि या वर्षीं तें त्यानें खिशांतल्या यंत्रावर सोंपविलें. हें यंत्र आपलें काम पत्करण्याइतकें अजून मोठें झालें आहे कीं नाहीं, हें त्यानें पाहिलें नाहीं. फिरत्या टेलिफोनच्या आरंभीं अमेरिकेंत परगांवीं गेलेल्या माणसाला फोन करावयाचा तर तो कोणत्या शहरीं आहे हें फोन करणाऱ्यास ठाऊक असावें लागे. आधीं त्या शहराचा खास क्रमांक फिरवावयाचा आणि मग त्या माणसाचा. ती व्यवस्था गैरसोयीची खरी. पण तींत सांगून जाणें सुटत नव्हतें. १९८१ पासून स्कँडिनेव्हियांत, आणि १९९१ नंतर जी. एस. एम. पद्धतीनें सर्वत्र, ‘तुम्ही कोठेंहि असा, आम्ही शोधून काढूं’ हें अभिवचन पुढें आलें. अभिवचन आधीं आलें, तें पाळण्याची कुवत मागाहून आली; आणि या मधल्या वर्षांत आपण निरोपाची जुनी वाट मोडून टाकली. शेजारच्या घरचा ‘पी. पी. नंबर’ लग्नपत्रिकेवरून गेला. कंडक्टरजवळ चिठ्ठी देण्यांत लाज वाटूं लागली. २०१३ च्या जुलैमध्यें तार बंद झाली तेव्हां आपण चार दिवस हळहळलों. तिची गरज लागूं नये अशी दुसरी कोणती खात्रीची वाट आपल्याजवळ उरली आहे, हें विचारावयाचें आपल्याला सुचलें नाहीं.

निरोप्या परत येऊन सांगे, “पालावर गेलों, ते नव्हते, शेजारच्याला बजावून आलों.” त्याच्या वाक्यांत तो स्वतः काय करून आला हें असे, आणि पुढें काय होऊं शकेल याची थोडी आशाहि असे. त्याला उलट प्रश्न विचारतां येत: शेजारी कोण? किती वाजतां? यंत्राच्या वाक्याला उलट प्रश्न नाहीं.

पुढें सेवा सुधारली, मनोरे वाढले, हांक बहुधा पोंचूं लागली. यामुळें प्रश्न सुटला असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो बिकट झालेला दिसतो. खोलींत दिवा आला आहे, पण कोपरे अजून अंधारेच आहेत, आणि शंभरांतून नव्याण्णव वेळां दिसतें म्हणून उरलेल्या एका वेळीं न दिसण्याचा अर्थ आपण अधिकच निर्दयपणें लावतों. शिवाय दिव्याचा विषय जरी संपला, तरी माणसाचा संपत नाहीं: फोन वाजला, पण तो झोपला असेल, गाडी हांकीत असेल, रडत असेल. दुसऱ्या बाजूनें ‘रेंज नव्हती’ हें असत्य इतकें स्वस्त झालें कीं सभ्य मनुष्यहि तें संकोचाशिवाय उच्चारतो. त्या पहिल्या वर्षांतल्या खऱ्या अडचणींनीं या सबबीला जी पत मिळवून दिली, तिच्यावर आपण अजून उधारी करीत आहों. ही उधारी फेडावी लागते ती भलत्यालाच. माळशेज घाटांत दरड कोसळून अडकलेला ट्रकवाला चार तासांनीं उतरून घरीं फोन लावतो. चार तास त्याच्या फोनची घंटा एकदांहि वाजलेली नसते. घरून त्याला पहिला प्रश्न येतो तो हाच, कीं “फोन कां उचलला नाहींस?”