उत्तर न ऐकतां दिलेली शाबासकी

असत्याचे प्रकार नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून पुष्कळ सांगितलेले आढळतात; परंतु उत्तर ऐकल्यावांचून दिलेल्या शाबासकीची गणना त्यांत कोणीं केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. ही गोष्ट असत्यांत जमा धरावी कीं निव्वळ शिष्टाचारांत, हा प्रश्न मला एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीमुळें पडला, आणि तो अद्याप माझा पिच्छा सोडीत नाहीं.

यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याचें नांव केळापूर. त्याची कचेरी मात्र पांढरकवड्यास. नागपुराहून हैदराबादेस जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच बाजूनें जातो, आणि त्यावरून रात्रंदिवस मालमोटारी धांवत असतात. ह्या रस्त्यापासून आंत, कापसाच्या शेतांपलीकडे गेलें म्हणजे कोलामांच्या वस्त्या लागतात. त्यांस पोड म्हणतात. महाराष्ट्रांतील ज्या तीन आदिवासी जमाती सरकारदरबारीं विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांपैकीं कोलाम ही एक. कोलामी ही मराठीची पोटबोली आहे असा समज अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे. ती द्राविड कुळांतील स्वतंत्र भाषा होय. घराला ती ‘एल्ला’ म्हणते. तेलुगूंतील ‘इल्लु’ला हा शब्द जवळचा, आपल्या ‘घरा’शीं त्याचें कांहींएक नातें नाहीं.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांना कुलपें लागलीं. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी अभ्यासमाला सुरू केली. २०१७ सालीं निघालेलें ‘दीक्षा’ हें साधन हाताशीं होतेंच. पुढें सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ दिसूं लागली. आपणहि कांहीं करावें असें त्या दिवसांत ज्यांना वाटलें त्यांत मीहि होतों. आम्हीं चौघा-पांचांनीं ओळखीच्यांकडून जुने मोबाईल मागून आणले, त्यांत पाठ भरले आणि एका पोडावर नेऊन दिले. आधींच भरून नेण्याचें कारण असें कीं, टेकडीवर चढल्यावांचून तेथें रेंज मिळत नसे. परततांना मनाला जें समाधान वाटलें, त्याची आठवण आज झाली म्हणजे संकोच होतो.

दीडएक महिन्यानें पुन्हां गेलों. एका मुलीनें आमच्यापुढें पाठ म्हणून दाखविला: पाण्याची वाफ कशी होते, ढग कसे बनतात, पाऊस कसा पडतो. एक अक्षर चुकलें नाहीं. शिकविणाऱ्या बाईंचे हेलसुद्धां तिनें उचलले होते. अखेरीस ती म्हणाली, “समजलं ना?” मग क्षणभर थांबली आणि म्हणाली, “शाब्बास!” ती मधली स्तब्धताहि तिनें तंतोतंत पाळली होती. मीं विचारलें, “वाफ म्हणजे काय गं, पोरी?” ती माझ्याकडे पाहत राहिली. वाफेची गोष्ट दूरच. ‘समजलं ना’ हा प्रश्न आहे आणि तो आपल्याला विचारलेला आहे, हेंहि तिच्या गांवीं नव्हतें. ढग आणि पाऊस यांप्रमाणें तोहि पाठाचाच एक भाग, अशी तिची समजूत होती. विचार करूं लागलों तेव्हां वाटलें, हिचें काय चुकलें? तो प्रश्न नव्हताच.

कोणी म्हणेल, पुस्तकहि ऐकत नाहीं. मग पुस्तकाला खोटें कां म्हणत नाहीं? पुस्तक ऐकत नाहीं हें खरें, परंतु तें ऐकल्याचा आवहि आणीत नाहीं. दुसरा आक्षेप ह्याहून बोचणारा आहे. चाळीस मुलांच्या वर्गांत मास्तर “समजलें का रे?” म्हणून विचारतात आणि सारा वर्ग एका सुरांत “होऽ” म्हणतो. त्रिकोणमितीचें अख्खें वर्ष मीं स्वतः असा होकार भरण्यांत घालविलें आहे. मग त्या होकारांत आणि ह्या शाबासकींत अंतर तें कोणतें? अंतर इतकेंच कीं, मास्तरांच्या डोळ्यांपुढें तोंडें असतात. न पाहणें हा त्यांचा अपराध होऊं शकतो, म्हणूनच पाहणें हें त्यांचें कर्तव्यहि ठरतें. यंत्राला अपराध करतां येत नाहीं. पण तेवढ्यानें अपराध नाहींसा होत नाहीं. यंत्र ज्यानें नेऊन दिलें त्याच्या दारीं तो येऊन बसतो. माझ्या दारीं तो असाच आला.

यंत्राचे गुण झांकून ठेवणें हाहि अन्याय होईल. तें शंभर वेळां तेंच सांगतें, रागावत नाहीं, मुलाची जात विचारीत नाहीं. छडीच्या भयानें शाळा सोडलेल्यांना ह्या गुणांची किंमत विचारावी.

शिवाय गेल्या कांहीं वर्षांत निघालेलीं बोलकीं यंत्रें उत्तर ऐकतात, चूक दाखवितात, आणि मराठींतहि संभाषण करतात. मराठी मुलापुरता माझा आक्षेप त्यांनीं बराचसा उणा केला, हें मी कबूल करतों. परंतु हीं यंत्रें मुख्यतः लिहिलेल्या मजकुरावर पोसलेलीं असतात, आणि कोलामी ही तोंडांतून तोंडांत राहणारी भाषा. तिला स्वतःची लिपि नाहीं. २०११ च्या जनगणनेंत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सव्वा लाखाच्या आसपास भरले. त्यांच्यांतील एखादें मूल आपल्या भाषेंत उत्तर देईल तेव्हां यंत्र गप्प बसलें तर एक वेळ पुरवलें. तें भलतेंच समजून शाबासकी देईल, याचें मला अधिक भय वाटतें.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यांत, २९ व्या कलमांत, माध्यम शक्य तोंवर मुलाची मातृभाषा असावें असें म्हटलें आहे. ‘शक्य तोंवर’ ह्या दोन शब्दांत किती पोड बुडून जातात! सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस डिसेंबर २०२० मध्यें जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, तेव्हां पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या क्यूआर कोडांचीच वाहवा फार झाली. मला त्यांच्या दुसऱ्या कामाचें महत्त्व अधिक वाटतें. मुलांच्या घरची भाषा कानडी आहे हें ओळखून त्यांनीं पुस्तकें त्या भाषेंत उतरविलीं होतीं. कोड कोणासहि छापतां येतो. आणि मरे एमेनो ह्या भाषापंडितांनीं १९५५ सालीं कोलामीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तें कांहीं ग्रंथालयांत बसून जुळविलेलें नव्हे. कोलामांपुढें बसून, विचारून, त्यांचे उच्चार कानांनीं टिपून तें सिद्ध झालें आहे.

त्या दिवशीं वाफेचा प्रश्न तसाच सोडून मीं त्या मुलीला उलट विचारलें, घराला तुम्ही काय म्हणतां? तिनें सांगितलें. मीं म्हणून दाखविलें. ती हंसली, मान हलविली आणि पुन्हां सांगितलें. मीं पुन्हां म्हटलें. भोंवतीं जमलेलीं पोरेंहि हंसूं लागलीं. पांच-सहा वेळां तिनें मजकडून तो शब्द म्हणवून घेतला; प्रत्येक वेळीं ती माझ्या ओठांकडे नीट पाहत होती. शेवटीं तिची आई चुलीवरून उठून दाराशीं आली, आणि आंत बोट दाखवून तोच शब्द हळू म्हणाली. शाब्बास मला दोघींपैकीं कोणींच म्हटलें नाहीं.