परीक्षा पोरांची आहे, पोरांनाच देऊ द्या

पालकहो, आज स्वागतगीत नाही, हार-तुरे नाहीत आणि गोड बोलणंही नाही. पूर्वपरीक्षेचे गुण तुमच्या हातात आहेत. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आल्या आहेत, त्यांच्या मागोमाग दहावीची लेखी परीक्षा आहे. मुलांनाही मुद्दाम इथेच बसवलंय. तुम्हाला जे बोलायचं ते त्यांच्यासमोर बोलेन आणि त्यांना जे ऐकवायचं ते तुमच्यासमोर ऐकवेन.

जूनपासून एकच वाक्य ऐकतेय. "बाई, क्लास लावला, मोबाईल घेऊन दिला, मागेल ते दिलं. आम्ही काय कमी केलं?" कमी काय केलं ते ऐका. तुमचं काम तुम्ही करत नाही आणि पोराचं काम त्याला करू देत नाही. वेळापत्रक तुम्ही आखता, क्लास तुम्ही निवडता, अकरावीची शाखा तुम्ही आत्ताच ठरवून टाकली आहे. पोराला वेळेवर झोप मिळते का, सकाळी खाऊन निघतो का, बीजगणिताचं कोणतं प्रकरण त्याला मुळातच कळलेलं नाही, हे विचारलं की तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघता. क्लासची फी भरली म्हणजे पालकत्व संपलं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

परीक्षा 600 गुणांची असते, हेही इथल्या अर्ध्या लोकांना माहीत नाही. सहा विषय, प्रत्येकी 100. त्यातले 80 लेखी आणि 20 तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे. गणिताचे आणि विज्ञानाचे 40-40 गुणांचे दोन-दोन पेपर. टक्केवारी काढताना सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात. हे माहीत असतं, तर गणितात मागे पडलेल्या पोराला "तुझं सगळं संपलं" असं तुम्ही म्हणाला नसता. गणित सावरायला हवं, त्यात उत्तीर्ण व्हायलाच हवं. पण इतर पाच विषयांत त्याची मेहनत पूर्ण दिसू शकते, हे त्याला सांगायला घरात कुणीतरी जाणकार हवं. ती जाण तुम्ही मिळवायची आहे. त्यासाठी फी लागत नाही, शाळेत येऊन अर्धा तास बसावं लागतं.

तुमचा दुसरा छंद म्हणजे तुलना. चुलत्याच्या पोराला किती, शेजारच्या मुलीला किती, मोठ्या भावाला किती पडले होते. जरा आकडे बघा. 2018 साली राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के लागला. 2019 ला तो 77.10 टक्क्यांवर आला, कारण अभ्यासक्रम नवा होता आणि भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण त्या वर्षी नव्हते. 2021 ला कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, निकाल 99.95 टक्के लागला. 2025 ला तो 94.10 टक्के होता. एका वर्षात राज्यातली पोरं मठ्ठ होत नाहीत आणि दोन वर्षांत सगळी हुशारही होत नाहीत. पद्धत बदलली की आकडा बदलतो. मग 2021 ला पास झालेल्या भावाचे टक्के आजच्या मुलीच्या तोंडावर फेकण्यात काय अर्थ आहे? तुलना करायचीच असेल, तर तिच्या पहिल्या सत्राच्या पेपरची आणि पूर्वपरीक्षेच्या पेपरची करा. तेवढी एकच तुलना तिच्या उपयोगाची आहे.

आता मुलींच्या घरच्यांसाठी. मुलगा दहावीला असला की घरात टीव्ही बंद होतो. मुलगी दहावीला असली की तिला भाकऱ्या थापून, भांडी घासून, धाकट्याला झोपवून मग पुस्तक उघडावं लागतं. रात्री अकराला पुस्तक उघडणारी पोर सकाळी माझ्या तासाला डुलक्या घेते आणि तुम्ही मला सांगता की हिचं अभ्यासात लक्ष नाही. परीक्षा होईपर्यंत घरची कामं वाटून घ्या. बापानेही घ्यायची, भावानेही घ्यायची. आणखी एक. परीक्षा झाली की "बघायला" येणाऱ्या पाहुण्यांची बोलणी या पोरींच्या कानावर पडतात, तेव्हा त्यांच्या हातातलं पेन तिथेच थांबतं. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे. 2006 चा कायदा आहे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मी स्वतः लिहिला आहे. या वर्गातल्या एकाही मुलीच्या बाबतीत तो फिरवायची वेळ माझ्यावर आणू नका. आणलीत, तर मी मागेपुढे बघणार नाही.

ज्यांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत, त्यांचे आजी-आजोबा इथे बसले आहेत. तुम्हाला मी रागावणार नाही. उचल घेतली की जावंच लागतं, आणि फडावरून मार्चच्या आधी येता येत नाही, हे या तालुक्यात कुणाला सांगायला नको. माझा राग त्यांच्या भावकीवर आहे. लग्नात पंगतीला शंभर माणसं बसवणाऱ्या भावकीला, एका पोराला परीक्षेच्या काळात दोन वेळचं ताट आणि पेपरच्या दिवशी केंद्रापर्यंत सोबत देता येत नाही? आणि फडावर असलेल्या आईबापांना एवढा निरोप द्या. फोन केला की "अभ्यास करतोस ना?" हा प्रश्न आधी नको. "जेवलास का, झोप झाली का" हे आधी विचारा. पोरगं बोलायला लागलं की अभ्यासाचं आपोआप सांगतं.

आता भिंतीवरून चिठ्ठ्या टाकणाऱ्यांविषयी. केंद्राच्या कुंपणाला लटकणारे काका, मामा आणि मोठे भाऊ दरवर्षी दिसतात, आणि त्यांना आपण पोराला मदत करतोय असं वाटतं. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. कॉपी पुरवणाराही त्यात अडकतो. पण कायद्याच्या आधी हे समजून घ्या. चिठ्ठी टाकलीत, त्या क्षणी तुम्ही पोराला सांगितलंत की तुझ्या हातून हे होणार नाही, असं आम्हाला वाटतं. वर्षभर रागावून जेवढं खच्चीकरण झालं नसेल, तेवढं त्या एका कागदाने होतं. आमच्या केंद्रावर माझ्या ओळखीचा माणूस कुंपणाजवळ दिसला, तर त्याचं नाव पोलिसांना मीच देईन.

काही पालक मुलाची अडचण लपवतात, त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. मुलाला अक्षरं उलटसुलट दिसतात, वाचायला वेळ लागतो, हात चालत नाही, कानाला कमी ऐकू येतं. शाळेने डॉक्टरांकडे पाठवलं, तर "आमच्यात असलं काही नाही" म्हणून तुम्ही कागद परत करता. अशा मुलांना मंडळ जादा वेळ देतं, गरज असेल तिथे लेखनिक देतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. मुलाच्या हक्काचा वेळ तुम्ही लोकलाजेपायी हिरावून घेता. ज्यांचा प्रस्ताव अजून अडला असेल, त्यांनी सभा संपताच थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत यायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

आता मुलांनो, खाली बघू नका, माझ्याकडे बघा. आईबापांना झापलं म्हणून तुमची सुटका झाली, असं समजू नका. पूर्वपरीक्षेचे तुमचे पेपर मी तपासले आहेत. अपेक्षित प्रश्नसंच पाठ केलेत, पाठ्यपुस्तक उघडलं नाहीत, हे ओळीओळीत दिसतं. मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्यावर स्वतः विचार करायला सांगितलं, तर तुम्ही गाईडमधला निबंध उतरवून ठेवलात. भूमितीत पक्ष, साध्य आणि आकृती सोडून थेट सिद्धता लिहायला घेतलीत आणि मधेच अडकलात. विज्ञानाच्या आकृत्यांना नावं दिली नाहीत. यातलं एकही अवघड नाही. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक स्वाध्याय हाताने सोडवा. बालभारतीची पुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात. दिवसभर तोच मोबाईल हातात असतो, तर तेवढं एक काम त्याच्याकडून करून घ्या आणि मग तो आईच्या उशाखाली ठेवा. रात्रभर जागून वाचलेलं सकाळी राहत नाही, म्हणून वेळेवर झोपा.

पेपर अकराला सुरू होतो, साडेदहाला जागेवर असायचं. एसटी चुकली, टायर पंक्चर झाला, ही कारणं परीक्षेच्या दिवशी कुणी ऐकत नाही. आदल्या आठवड्यात केंद्रावर एकदा जाऊन या. आता शेवटी दहा मिनिटं जादा मिळतात. ती उठून जाण्यासाठी दिलेली नाहीत, प्रश्न क्रमांक तपासण्यासाठी आहेत. प्रवेशपत्र हातात पडलं की स्वतःचं नाव, आईचं नाव, विषय आणि माध्यम तिथल्या तिथे वाचायचं. चूक असेल तर त्याच दिवशी सांगायचं. प्रवेशपत्राचे पैसे शाळेला द्यावे लागत नाहीत. कुणी मागितले तर मला येऊन सांगा.

आणि आता जे सांगते ते नीट ऐका. एखादा पेपर वाईट गेला, निकाल वाईट लागला, तर मार्ग बंद होत नाही. पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात होते. एक-दोन विषय राहिले, तरी एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. गुण कमी वाटले तर गुणपडताळणी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकन आहे. आयटीआय आहे, तीन वर्षांचा तंत्रनिकेतनचा डिप्लोमा आहे, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जीव नकोसा वाटला, रात्र सरेनाशी झाली, तर गप्प बसायचं नाही. आईला सांगा, मला सांगा, कुणालाच सांगता येत नसेल तर 14416 ला फोन करा. टेली-मानसचा क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. यात कमीपणा काही नाही. पालकांनो, तुमच्या पोराने जेवण सोडलं, बोलणं सोडलं, मित्र सोडले, "माझ्यावाचून बरं होईल" असं काही म्हणालं, तर त्याला नाटकं म्हणू नका. पुस्तक मिटा, त्याच्याजवळ बसा, विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पेपर पुन्हा देता येतो.

माझ्या सहकाऱ्यांनाही सोडणार नाही. तुम्ही वर्गातल्या पहिल्या पाच पोरांवर वर्ष काढता. जाहिरातीच्या फलकावर त्यांचे फोटो लागतात म्हणून त्यांची काळजी, आणि पस्तीसच्या काठावर असलेल्यांना मागचा बाक. निकाल उंचवायचा म्हणून कच्च्या पोराला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावणं किंवा नववीतच वाटेला लावणं, हे शिकवणं नव्हे. आमच्या शाळेत ते होणार नाही. उद्यापासून प्रत्येक शिक्षकाने पूर्वपरीक्षेत मागे राहिलेली पोरं वाटून घ्यायची, शाळा सुटल्यावर एक तास बसायचं आणि आईबाप गावात नसलेल्या पोरांच्या घरी रविवारी स्वतः जायचं. यासाठी वेगळा भत्ता नाही, आणि मागूही नका.

पालकहो, तुमच्याकडून मला फार मोठं काही नको. परीक्षा संपेपर्यंत घरात आरडाओरडा नको. रोज ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी झोप. दारू पिऊन येणाऱ्या बापाने तेवढे दिवस तरी शुद्धीत घरी यावं. हे भरल्या सभेत बोलते, कारण बंद खोलीत सांगून झालं आहे. पाहुणे, लग्नं, जत्रा या पोरांविना उरकू द्या. पेपर देऊन आलं की "किती पडतील?" विचारू नका. पाणी द्या, जेवू घाला आणि पुढच्या पेपरला बसवा. अकरावीची शाखा निकालानंतर, पोराशी बोलून ठरवा. आता अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. तो क्रम पोराने लावायचा आणि तुम्ही शेजारी बसायचं.

सभा संपली की प्रत्येकाला पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका मिळतील. आजवर तुम्ही गुण बघून, न वाचता सह्या केल्यात. या वेळी आज रात्री पोरासोबत बसून प्रत्येक पान उलटा. जिथे चूक आहे तिथे ती का झाली, हे त्याच्या तोंडून ऐका. मधे बोलू नका. तुम्हाला गणित येत नसलं, लिहिता-वाचता येत नसलं, तरी ऐकता येतं. ऐकून झालं की सही करा, अंगठा उठवत असाल तर अंगठा उठवा. सोमवारी त्या उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे यायचं आणि त्याला कुठे अडतंय, हे तुम्ही मला सांगायचं. पोराने नाही, तुम्ही. ज्यांना ते सांगता येणार नाही, त्यांना मी परत घरी पाठवीन.