ग्लायडरची जोडणी आणि ज्ञानाचे प्रामाण्य

ग्लायडर म्हणजे इंजिनाविना उडणारे विमान बहुधा सुटे करून ट्रेलरमधून नेले जाते आणि उड्डाणापूर्वी त्याचे पंख व आडवी शेपटी पुन्हा जोडावी लागते, त्यामुळे 'जोडणी नीट झाली आहे' हे ज्ञान प्रमाण कधी मानावे, हा प्रश्न तेथे जीवनमरणाचा ठरतो. स्वतःप्रामाण्यवादी मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतानाच प्रमाण असते आणि बाधक ज्ञान, म्हणजे त्याला खोटे ठरवणारे दुसरे ज्ञान, आले तरच ते सोडावे. मात्र एलिव्हेटर, म्हणजे विमानाचे नाक वरखाली करणारा शेपटीचा हलता भाग, जोडायचा राहिला असेल, तर हे बाधक ज्ञान अनेकदा जमीन सुटल्यावरच होते आणि तेव्हा पॅराशूट उघडण्याइतकीही उंची हाताशी नसते. याउलट नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, प्रामाण्य बाहेरून, मुख्यतः प्रवृत्तिसामर्थ्यावरून, म्हणजे त्या ज्ञानानुसार केलेली कृती सफल होते की नाही यावरून ठरवतात. पण येथे ती कृती खुद्द उड्डाणच असल्याने हा निकषही उशिराच हाती येतो. न्यायमतात स्मृतीला प्रमेचा, म्हणजे यथार्थ अनुभवाचा, दर्जा नाही, हे मात्र येथे नेमके लागू पडते, कारण 'पिन मघाशीच लावली' ही केवळ आठवण असते आणि मध्येच कोणी बोलायला आले की काम अर्धवट राहूनही ती पूर्णत्वाची वाटू शकते. प्रत्यक्षही फसवे असते: काही जुन्या रचनांत न जोडलेला एलिव्हेटर नियंत्रणाच्या दांड्याच्या टोकावर नुसता टेकलेला असला, तरी स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातली नियंत्रणकाठी, हलवताच हलताना दिसतो. म्हणूनच एकाने तो भाग हाताने रोखून धरायचा आणि कॉकपिटमधल्याने त्या विरोधात स्टिक रेटायची, अशी तपासणी रूढ आहे. प्रवृत्तिसामर्थ्याची परीक्षा जमिनीवरच उरकण्याचा याहून सोपा मार्ग नाही. प्रत्येक तपासणीची पुन्हा तपासणी करावी लागून अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, ओढवेल हा मीमांसकांचा आक्षेप वजनदार असला, तरी नुकत्याच माणसाच्या हातांनी केलेल्या जोडणीविषयीची शंका निष्कारण नसते. इंग्रज तत्त्वज्ञ डब्ल्यू. के. क्लिफर्ड याने 1877 साली, डागडुजीची शंका मनाआड करून जुने जहाज समुद्रात धाडणारा मालक जहाज सुखरूप पोहोचले तरी दोषीच असतो, असे प्रतिपादले. तपासणी टाळूनही सुखरूप उतरलेल्या वैमानिकाचे ज्ञान न्यायमताने यथार्थ ठरेल. ते बाळगण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता आणि दोषाच्या बाबतीत क्लिफर्डचाच निर्णय ग्राह्य आहे.